भिंतीतली

सातव्या भोकाने अकरावं पोतं गिळलं, तेव्हा मिस्त्रीने हात वर करून पंप बंद करायला लावला. खडखडाट थांबला आणि धरणाच्या पायथ्याशी एकदम शांत झालं. पहिल्या सहा भोकांनी दोन-अडीच पोत्यांत समाधान मानलं होतं. सिमेंटचा पातळ काला नळीतून आत जायचा, जुन्या भिंतीतल्या फटी भरायच्या, दाबाचा काटा वर चढायचा, की झालं काम. इथे काटा जागचा हलायला तयार नव्हता.

"अजून एक लावू?" पंपवाल्याने विचारलं, पण पोत्याला हात घातला नाही.

मिस्त्री भिंतीकडे बघत राहिला. भोक मधल्या बुरुजाच्या डाव्या अंगाला, पुरुषभर उंचीवर होतं. त्याच्या खालच्या दगडांमधल्या दर्जांतून, सांध्यांतून, करडं पाणी पाझरायला लागलं होतं. म्हणजे आत पोकळी होती, आणि पोकळी नेमकी कुठे आहे हे त्या पाण्याने रेघ मारून दाखवलं होतं. गळती थांबवायला आलेल्या बारा माणसांपैकी एकानेही ते तोंडाने म्हटलं नाही. दोघांनी मात्र चपला काढल्या.

गोष्ट सगळ्यांनाच पाठ होती. धरणाची भिंत बांधायला घेतली तेव्हा ती मधोमध तीनदा खचली. पाण्याचा देव माणूस मागतोय, असं जाणत्यांनी सांगितलं. देवाला काय हवं असतं हे जाणत्यांनाच कसं कळतं, असं त्या काळी कोणी विचारलं नाही आणि पुढेही कोणाच्या डोक्यात आलं नाही. मुख्य गवंड्याची बायको पुढे झाली आणि म्हणाली, मला घ्या. घरी तिचं रांगतं मूल होतं. बुरुजात कोनाडा ठेवून तिला त्यात उभी केली, समोरून दगड चिणले, शेवटचा थर नवऱ्याने स्वतःच्या हाताने लावला, आणि भिंत आजतागायत उभी आहे. मिस्त्री त्या रांगत्या मुलाच्या वंशातला. तिचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. लोक तिला 'भिंतीतली' म्हणत आणि मिस्त्रीच्या घरात 'भिंतीतली आई'.

या गोष्टीने घराला मोठा मान दिला होता. पिढ्यान्‌पिढ्या सगळे गवंडी, आणि कुठेही कामाला गेले तरी कोणीतरी शेजारच्याला कोपराने ढोसून सांगायचं, भिंतीतलीच्या घरचे हे. मिस्त्रीचे वडील अंगात ताकद होती तोवर ही गोष्ट येईल-जाईल त्याला सांगायचे, आणि शेवटच्या थरापाशी आले की बरोबर थांबून विडीचा झुरका घ्यायचे. आता त्यांचं डावं अंग गेलं होतं, विडी सुटली होती, गोष्ट तेवढी उरली होती.

मिस्त्रीच्या बायकोने ही गोष्ट लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकली आणि ताटं उचलली. ती कृत्रिम हात-पाय बनवायच्या कारखान्यात कामाला होती. माणसाच्या तुटक्या पायाचा प्लॅस्टरमध्ये साचा घ्यायचा, त्याच्यावरून नवा पाय घडवायचा. संध्याकाळी नवराबायको दोघंही पांढऱ्या हातांनी घरी यायची, एक सिमेंटच्या, एक प्लॅस्टरच्या, आणि एकाच साबणासाठी भांडायची. एकदा तिने त्यांच्या मुलीला, चिमीला, पोथीतली एक गोष्ट वाचून दाखवली होती. देवाने राजाकडे मुलगा मागितला, राजाने सुरी उचलली, देव प्रसन्न झाला आणि त्याने मुलगा परत दिला. चिमीने सगळं नीट ऐकून घेऊन विचारलं होतं की मग तो मुलगा नंतर वडिलांशी बोलला का. सगळे पोट धरून हसले. मग बायको नखातलं प्लॅस्टर काढता काढता म्हणाली होती की या गोष्टींत देव ज्याच्याकडे मागतो तो घरातलं दुसरंच कोणीतरी उचलून देतो, आणि दानशूर म्हणून नाव मात्र त्याचं होतं. मिस्त्रीला ते लागलं. आमची स्वतःहून पुढे झाली होती, असं तो जरा चढ्या आवाजात म्हणाला.

"असं सांगतात खरं," ती म्हणाली होती, आणि विषय संपला होता.

सध्या घरात विषय वेगळाच होता, आणि तो कोणी काढत नव्हतं. महिन्यापूर्वी तिला पत्र आलं होतं. लहान मुलांसाठी पाय बनवायचं शिक्षण, दीड वर्षाचं, दूरच्या शहरात; सबंध कारखान्यातून तिची एकटीची निवड झाली होती. पत्र वाचून तिचा चेहरा कसा झाला होता ते मिस्त्रीने पाहिलं होतं. मग तिने सासऱ्यांच्या खोलीकडे पाहिलं, चिमीच्या दप्तराकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघू." त्या घरात बाईमाणसाचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे सांगावं लागत नसे. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. त्याच्या बहिणीने तर फोन करून भावजयीचं तोंडभरून कौतुक केलं, शेवटी कोणाच्या घरची सून आहे म्हणाली. कळवायची शेवटची तारीख उद्याची होती. आणि इतकं सगळं मनासारखं झालेलं असताना मिस्त्रीला महिनाभर घरी जेवण का जात नव्हतं, हे त्याचं त्यालाच उमगत नव्हतं.

इंजिनीयर बाई वरून उतरून आल्या. वयाने लहान, पण कामात वाघ. त्यांनी काटा बघितला, पोती मोजली, लोकांच्या चपला बघितल्या आणि मिस्त्रीला बाजूला घेतलं. पोकळी आहे तर ती भरलीच पाहिजे, त्यात दुमत नाही, असं त्या म्हणाल्या. पण हा तुमच्या घरचा मामला आहे असं ऐकलंय, तेव्हा उघडून बघायचं असेल तर चार वाजेपर्यंत बघा. पाणी चढतंय.

मिस्त्रीने छन्नी-हातोडा मागितला.

अर्धा दिवस जाईल असं त्याने धरलं होतं. ही भिंत त्याने तीन पावसाळे ठोकली होती; तिचा जुना चुना लोखंडाला हार जात नसे. त्याने पाझरणाऱ्या दर्जेत छन्नी धरली, चार घाव घातले, दोन बोटं जाडीचा चुना सुटून पडला, आणि त्याच्या मागे काहीच नव्हतं. त्याने दगडाच्या दोन्ही बाजूंना पहारींची टोकं घालून सहज म्हणून ओढलं. दगड पेटीच्या खणासारखा सरकून बाहेर आला.

भिंतीचा दगड असा येत नाही. मिस्त्रीने हात आत घालून चाचपलं. बाजूच्या दगडावर चुन्याचा कण नव्हता. दुसरा ओढला, तोही तसाच. तिसरा. कोरडे रचलेले, मागून दगडाच्या बारीक चिपा मारून घट्ट केलेले, आणि वरून फक्त तोंडाला चुना फासलेला. जेमतेम दोन हात रुंद, कमरेएवढा उंच असा तो तुकडा होता. त्याच्या चारही बाजूंचा चुना मात्र पहारीला दाद देत नव्हता. आळशी गवंड्याचं काम म्हणावं तर चिपा इतक्या निगुतीने बसवलेल्या, की मिस्त्रीलाही एवढ्या जमल्या नसत्या.

कोणी बघत असताना बाहेरून पक्की दिसावी आणि आतून खांद्याने ढकलली तर उघडावी, अशी ती रचना होती. शेवटचा थर नवऱ्याने स्वतःच्या हाताने लावला होता.

मिस्त्रीने बॅटरी मागून घेतली आणि आत डोकं घातलं. कोनाडा होता. एक माणूस उभं राहील, बसेल, एवढा. आणि तळ दिसत नव्हता, कारण तळाशी त्यांनीच सकाळपासून ओतलेला अकरा पोत्यांचा काला गुडघाभर साचला होता, करडा, गुळगुळीत, वर साय धरत चाललेला.

तो तसाच वाकून उभा राहिला. गज मागितला आणि काल्यात फिरवला. गज खाली दगडाला लागला, बाजूला दगडाला लागला, एका ठिकाणी कशाला तरी लागल्यासारखा वाटला आणि परत तिथे नेला तर काहीच नाही.

"मिस्त्री, बादल्या लावू?" मागून पंपवाला म्हणाला. "अजून घट्ट झालं नाही. तासाभरात उपसून टाकतो सगळं. काय असेल ते हाताला लागेल."

साधा प्रश्न होता, हो किंवा नाही. मिस्त्रीला वाटलं, काही नाही सापडलं तर ती गेली. त्याच रात्री किंवा दुसऱ्या, दगड ढकलून, आणि नवऱ्याने ते परत जागच्या जागी लावले. मग पुन्हा कोणाला दिसायची सोय नव्हती. ती दिसली असती तर लोकांनी दुसरी कोणीतरी धरून आणली असती. म्हणजे पोराला टाकून गेली. हे सहन होण्यासारखं होतं का, ते त्याला कळेना. पण बादलीत हाडं आली तर? तर दार होतं आणि ती उघडून गेली नाही. बसून राहिली. का? सगळ्यांसमोर शब्द दिला म्हणून? की दार ठेवलंय हे नवऱ्याने तिला सांगितलंच नाही? त्याला वाटलं असेल, तिला कळेलच. गवंड्याची बायको आहे, हात लावून बघेल. त्याने एवढं सुरेख दार केलं आणि बोलायचंच राहून गेलं असेल तर?

हे शेवटचं मनात आलं आणि मिस्त्रीने गज बाहेर काढला. तो स्वतःच्या घरात महिनाभर काय करत होता, ते त्याला तिथे वाकून उभं असताना कळलं. त्याने बायकोला जाऊ नको असं एका शब्दाने म्हटलं नव्हतं, आणि त्याचीच मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होता. जा असंही म्हटलं नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "भरून टाका."

पंपवाल्याने दोनदा विचारलं. इंजिनीयर बाईंनी एकदा. मिस्त्रीने दगड स्वतः परत लावले, या वेळी मागेपुढे भरपूर माल घालून. पंप सुरू झाला. आणखी नऊ पोती गेली, मग काटा चढला.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून ओसरलं नव्हतं. चिमी दारातल्या ओट्यावर शेजारच्या मुलींबरोबर काचापाणी खेळत होती. बायको यायची होती. वडिलांच्या खोलीत शिरण्याआधी त्याने पाय धुतले, आणि तेवढ्या वेळात ठरवलं की या माणसाला आता कसला घोर लावायचा नाही. बातमी अर्थातच त्याच्या आधी घरी पोचली होती.

"सापडली?" वडिलांनी विचारलं. त्यांचं बोलणं आता एका बाजूने यायचं.

"होती," मिस्त्री म्हणाला. "होती, बाबा. हात जोडले आणि झाकून टाकलं."

त्याला वाटलं होतं म्हातारा रडेल, किंवा हात जोडेल. वडील छताकडे बघत राहिले.

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

"असं," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "मला वाटायचं, नसेल."

"तुम्हीच तर सांगायचात."

"सांगायचो. सांगायला काय जातंय." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "पण वाटायचं, नसेल ती तिथे."

ज्या खोट्याने म्हाताऱ्याला सुख व्हायचं होतं, त्याने त्याला उतारवयात एक मेलेली बाई आणून दिली होती. आता ते परत घ्यावं तर कोणत्या तोंडाने? मिस्त्री स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायला. बायको आली तेव्हा तो तिला तिथेच उभा असलेला दिसला.

तिला त्याने सगळं सांगितलं. दोन बोटं चुना, चिपा, काला, गज, वडिलांशी बोललेलं खोटं. ती पिशवी खाली न ठेवता ऐकत होती. दाराचं ऐकून तिचे डोळे जरा मोठे झाले. उपसलं का नाही, असं तिने विचारलं. मिस्त्री म्हणाला, भीती वाटली.

"मूल केवढं होतं म्हणालात?"

"रांगतं."

तिने बाहेर ओट्यावर खेळणाऱ्या चिमीकडे एकदा बघितलं, आणि पिशवी ठेवली. मिस्त्रीला वाटलं, हीच वेळ. धरणापासून घरापर्यंत त्याने हे वाक्य घोळवत आणलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याने वाटेत त्याची छाती थोडी फुगलीही होती.

"तू जा," तो म्हणाला. "शिकायला. बाबांचं, चिमीचं माझ्याकडे. मी अडवणार नाही. मी मनापासून सांगतोय, तू जा."

तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, राग म्हणावा तर रागही नव्हता.

"मी परवाच होकार कळवलाय," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायला धीर होत नव्हता."

मिस्त्रीने एवढं मोठं काहीतरी आणून तिच्या पुढ्यात ठेवलं होतं, आणि ते कोणी मागितलेलंच नव्हतं. त्याला आधी हलकं वाटलं, मग चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं, मग त्या वाटण्याची लाज वाटली. तिला पहिल्यापासून जायचं होतं आणि ती जाणार होती, त्याने सांगितलं असतं तरी, नसतं तरी. तिने परवाच ठरवलं आणि परवापासून रोज सकाळी त्याच्या डब्यात पोळी-भाजी भरत राहिली. आपल्याला वाईट वाटायला हवं की बरं, हे त्याला खरोखर ठरवता येईना.

"चिमीला मी सांगितलंय," ती पुढे म्हणाली. "खूप रडली. मग विचारलं, फोन करशील ना रोज. मी करीन म्हटलं. मलाही काही सोपं जात नाहीये, अहो. तुम्हाला वाटत असेल मी मजेत निघालेय."

"मला काहीच वाटत नाहीये," मिस्त्री म्हणाला, आणि हे एवढं एकच वाक्य तो त्या दिवशी पूर्ण खोटं आणि पूर्ण खरं बोलला.

तिने डोळे पुसले, घड्याळ बघितलं. सासऱ्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. दर दोन तासांनी वळवलं नाही तर पाठीला जखमा होतात. गेले आठ महिने ते ती करत होती, आणि ती कारखान्यात असताना शेजारच्या मावशी. मिस्त्री रोज बाजूने जायचा आणि दाराशी जरा थांबायचा.

"चला," ती म्हणाली. "शिकून घ्या. आणि त्यांना खरं सांगून टाका आधी. तसे ठेवू नका त्यांना."

वडील तसेच भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने चादर बाजूला केली. आधी गुडघा दुमडायचा, असं तिने दाखवलं. मग एक हात खांद्याला, एक कंबरेला, आणि दोन्ही एकदम; ओढायचं नाही, आपल्याकडे घ्यायचं. मिस्त्रीने हात लावला. त्याने आयुष्यभर धोंडे उचलले होते, पण बापाचं वजन किती ते त्याला माहीत नव्हतं. वाटलं त्याहून ते कमी होतं, आणि धरायला कुठूनच जमत नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "मघाशी मी खोटं बोललो. आत काला भरला होता. मला काही दिसलं नाही, मी बघितलंच नाही. पण मागे चुना नव्हता. कोरडे लावले होते दगड, चिपा मारून. वरून नुसतं तोंड भरलेलं."

वडील जुने गवंडी होते. त्यांना याहून जास्त सांगायची गरज नव्हती. त्यांच्या चांगल्या हाताची बोटं चादरीवर हलली, दर्जेत चिप बसवताना हलतात तशी.

"शेवटचा थर त्यानेच लावला होता," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे सांगितलं असेल त्याने तिला."

"असेल. कोण जाणे."

म्हाताऱ्याने डोळे फिरवून आधी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. पलीकडच्या खोलीतलं बोलणं पातळ भिंतीतून किती ऐकू जातं, याचा मिस्त्रीने कधी विचार केला नव्हता.

"आणि तू?" वडिलांनी विचारलं. "तू सांगितलंस?"

मिस्त्रीचे हात त्यांच्या खांद्याखाली आणि कंबरेखाली तसेच अडकलेले होते. बायको उशीचा अभ्रा सारखा करत होती. तो केव्हाच सारखा झाला होता.

"नाही," तो म्हणाला. "उशीर झाला मला. तिचं तिनेच बघितलं."

"हं," वडील म्हणाले.

मग वळण्यासाठी आधार घ्यायला त्यांनी चांगला हात उचलला. आठ महिन्यांच्या सवयीने तो सुनेकडे गेला, मध्येच थांबला, थोडा वेळ कोणाकडेच नव्हता, आणि मग हळूहळू मुलाच्या बाजूला आला.